बेंदूर झाला की घरातल्यांची तपासणी

आमच्या साताऱ्याकडच्या माण तालुक्यात बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळता चोळता घरचा माणूस हातानं चाचपत जातो. जू घासून सोललंय का, कुठं गाठ आलीय का, खुरात काही अडकलंय का, सगळं बघतो. बैल दुखतंय म्हणून सांगत नाही, तरी वर्षातून एकदा त्याची अशी तपासणी होतेच. मी ३२ वर्षं आरोग्यसेविका होते, त्यातली निम्म्याहून जास्त माणमधल्या उपकेंद्रांवर गेली. बायका विचारायच्या, “सिस्टर, तपासणी कवा करायची?” मी सांगायचे, “बेंदूर झाला की.”

हे उत्तर मी विचार करून ठरवलं होतं. पेरण्या उरकलेल्या असतात. मेंढरं घेऊन कोकणाकडं, पुण्याकडं उतरलेली धनगरांची घरं पावसाळ्याला परतलेली असतात. ऊसतोडीला गेलेलेही घरी असतात. घरातली सगळी माणसं एका ठिकाणी सापडायचे वर्षातले मोजके दिवस तेच. तुमच्या घरी गणपती सोयीचा असेल तर गणपती धरा. माझ्या धाकट्या बहिणीचं घर विट्याकडं आहे, घरचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, माणसं वर्षभर तमिळनाडूत. ती सगळी गावाच्या यात्रेला येतात, म्हणून त्यांची तपासणी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी. सण कोणताही धरा, पण एक धरा. “कधीतरी करू” म्हणणाऱ्या घरात तपासणी झालेली मी फारशी पाहिली नाही.

आमच्या घरात मात्र हे फार उशिरा सुरू झालं. २०११ साली माझ्या यजमानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ते हायस्कुलात गणित शिकवायचे, वय ५१. सकाळी खडू हातातून दोनदा पडला, तिसऱ्यांदा उचलताच आला नाही. दवाखान्यात बीपी भरलं १९० आणि ११०. डॉक्टरांनी मला विचारलं, “आधी किती असायचं?” मला सांगता येईना. बीपीचं यंत्र रोज माझ्या पिशवीत असायचं. आठवड्याला चाळीस-पन्नास जणांचं मोजायचे, आणि घरातल्या माणसाच्या दंडाला तो पट्टा सहा वर्षांत एकदाही बांधला नव्हता. त्यांना काही होत नव्हतं ना! डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. वाढलेलं बीपी बहुतेकांना कळतच नाही, हे मी गावभर सांगत फिरायचे.

ते चालायला लागले, बोलणंही सुधारलं, पण उजव्या हातानं लिहिणं परत आलं नाही. आमच्या घरात रेशनकार्डाच्या पिशवीत शंभर पानी वही आहे. तिच्यातले २०१२ पासूनचे सगळे आकडे त्यांनी डाव्या हातानं लिहिले आहेत. पुढं जे सांगते आहे ते त्या वहीवरून आणि उपकेंद्रातल्या कामावरून.

आधी तिशीचं सांगते

लोक समजतात तपासण्या पन्नाशीनंतरच्या. सरकारी कार्यक्रमात मात्र वय ३० धरलं आहे, आणि ते बरोबर आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरते, त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न. ४ पेक्षा जास्त गुण आले तर त्या माणसाला आधी तपासणीला बोलावतात. कमी आले तरी तपासणी चुकवायची नसते. आशाताई आली की “ताई, नंतर या” म्हणू नका, तिला पाच मिनिटं द्या आणि तंबाखूचं खरं सांगा.

३० नंतर बीपी आणि शुगर दरवर्षी. तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी निदान दर ५ वर्षांनी, वयाच्या ६५ पर्यंत. ही पाच कामं आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात, पैसे लागत नाहीत. पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाची तपासणी उपकेंद्रात नसेल, तर ती कोणत्या वारी आणि कुठं होते हे सिस्टरला विचारून ठेवा.

बीपी मोजून घेताना लोक घाई करतात आणि चुकीचा आकडा घेऊन घरी जातात, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. एसटीतून उतरून थेट खुर्चीत बसून हात पुढं करायचा नाही. आधी लघवी करून या. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी काही नको. दंड छातीच्या उंचीला, टेबलावर टेकवलेला. बाही घट्ट असेल तर काढायची, पट्टा कापडावरून बांधायचा नाही. मोजताना बोलायचं नाही. आमच्याकडं मोजता मोजता सुनेची तक्रार सांगायची सवय आहे, त्यानंही आकडा चढतो. मिनिटभरानं दुसऱ्यांदा मोजायला सांगा. सांगायला लाजू नका, तुमचा हक्क आहे तो.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, किंवा त्याच्याही वर, असं वेगवेगळ्या दिवशी आलं तर ते बीपी समजायचं. एकाच दिवशी जास्त आलं म्हणून लगेच गोळ्या सुरू होत नसतात, पण ते विसरायचंही नसतं. आठवड्याभरात परत जा. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढं गेला असेल, आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं असं काही असेल, तर ती तपासणी राहिली नाही. तसंच उठून दवाखाना गाठायचा. वरचा आकडा १३० ते १३९ मधे असेल तर पुढच्या बेंदरापर्यंत थांबू नका, तीन-सहा महिन्यांनी मोजा आणि जेवणातलं मीठ बघा. आपल्याकडं खर्डा, लोणचं, पापड आणि वरून ताटात वाढलेलं मीठ, असं चारी बाजूंनी ते पोटात जातं.

शुगरचं. उपाशी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर ८ तास काही नाही. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचा सुद्धा नाही. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक. १०० ते १२५ म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा वर दोनदा आलं की मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, त्यात ५.७ ते ६.४ हा उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. या तपासणीबद्दल एक गोष्ट लॅबवाले सहसा सांगत नाहीत. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असलेल्या बाईचा हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. आमच्या शेजारच्या वहिनींना ६.६ आलं, घरात रडारड झाली. हिमोग्लोबिन बघितलं तर ८. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर केली तर दोन्ही बरी निघाली. म्हणून बाईमाणसाची एचबीएवनसी केली तर सोबत हिमोग्लोबिन करायलाच हवं.

कमरेचा घेर मोजायला दवाखाना लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. हात-पाय काटकुळे पण पोट सुटलेलं, अशी माणसं आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि ती वजनकाट्यावर फसतात.

कोलेस्टेरॉल दरवर्षी करायची गरज बहुतेकांना नाही. विशी-तिशीत एकदा, मग चार-पाच वर्षांनी, आणि चाळिशीनंतर बीपी, शुगर, तंबाखू यांतलं काही असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतरानं. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकाराचा झटका आलाय, त्यांनी हे सगळं लवकर सुरू करायचं आणि डॉक्टरांना तो इतिहास न विचारता सांगायचा.

मिश्री आणि तोंड

सातारा-सांगलीत बाईच्या तोंडाची तपासणी वेगळी सांगावी लागते, कारण मिश्री. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड बायका दातांना, हिरड्यांना लावतात, सकाळी एकदा, दुपारी एकदा, कुणी झोपताना तोंडात धरून झोपतात. “तंबाखू खाता का?” विचारलं की उत्तर येतं, “न्हाय बाई, मी कसली तंबाखू खातीय.” खोटं बोलत नाहीत त्या. मिश्री ही तंबाखू आहे असं त्यांना वाटतच नाही. म्हणून मी प्रश्न बदलला होता: “दात कशानं घासता?” मग खरं कळायचं.

तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री यांतलं काहीही असेल तर मी म्हणेन पाच वर्षं थांबू नका, दरवर्षी तोंड दाखवा, आणि महिन्यातून एकदा घरी आरशात स्वतः बघा. उजेडात, खळखळून चूळ भरून. खालचा ओठ उलटा करा, गाल बोटानं बाजूला ओढा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, जीभ टाळूला लावून तिच्याखाली बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेलं फोड-जखम, तिखट अजिबात न सोसणं, किंवा तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यांतलं एक जरी असलं तरी जायचं. तुमची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. गुटखा खाणाऱ्या पोरांची विशीतच दोन बोटांवर आलेली पाहिली आहेत मी. चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते, आणि त्या पायरीवर माणूस परत फिरवता येतो.

पिशवीच्या तोंडाची तपासणी

या एका तपासणीसाठी मी जितकी बोलले तितकी कुठल्याच लसीसाठी बोलले नसेन. बायका म्हणायच्या, “सिस्टर, चार पोरं झाली, आता कशाला दावायचं?” कुणी म्हणायची, “अंगावरून पांढरं जात न्हाय माझं, मग कशाला?” नवरे म्हणायचे, “काय झालंय तिला?” काही झालेलं नसतानाच करायची असते ती.

काय करतात ते सांगते म्हणजे भीती जाईल. झोपवून, आडोसा करून, गर्भाशयाचं तोंड दिसेल असं साधन आत बसवतात. मग ३ ते ५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे शिरक्यासारखंच (व्हिनेगरसारखं) द्रावण, कापसानं तिथं लावतात. मिनिटभर थांबून बघतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. कापाकापी नाही, भूल नाही, थोडं चुरचुरतं, पाच-दहा मिनिटांत बाई घरी. पाळी चालू असताना जाऊ नका, आणि आदल्या दिवशी संबंध नको, एवढं पथ्य.

आता महत्त्वाचं. पांढरा डाग आला म्हणजे पिशवी काढायची असा अर्थ होत नाही. आपल्या भागात तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या पिशव्या फार काढल्या गेल्या आहेत आणि त्याचं दुःख मला आजही होतं. अशा डागांतले बहुतेक कॅन्सरचे नसतात. कॅन्सरच्या आधीचा बदल निघालाच तरी तेवढाच भाग गार करून किंवा उष्णतेनं घालवता येतो, पिशवी जागेवर राहते. कुणी पहिल्याच भेटीत “काढून टाका” म्हणालं तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडं जा, जिल्हा रुग्णालयात जा. या तपासण्यांचा उपयोग होतो का, हे परदेशात नव्हे, आपल्या बायकांवरच पाहिलं गेलंय. मुंबईत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हीच शिरक्याची तपासणी केली, त्या गटात १२ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या कामातून, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. त्यात हा कॅन्सर ज्यामुळं होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून परवडत असेल, मिळत असेल, तर ३० नंतर एचपीव्हीची तपासणी करा. जागतिक आरोग्य संघटना तिच्यात ५ ते १० वर्षांचं अंतर चालेल म्हणते. ती नसेल तर शिरक्याची, निदान ५ वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बाईनं २५ पासून आणि कमी अंतरानं. ६५ नंतर, आधीच्या तपासण्या चांगल्या असतील तर थांबलं तरी चालतं. आणि घरात ९ ते १४ ची मुलगी असेल तर तिला एचपीव्हीची लस. पुण्याच्या सीरमची आपली भारतीय लसही २०२३ पासून मिळते. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टळत नाही, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

स्तनांचं थोडक्यात. तिशीनंतर सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडून हातानं तपासणी, कार्यक्रमात दर ५ वर्षांनी आहे. मी पन्नाशीच्या पुढच्या बायकांना दोन वर्षांनी करा म्हणते, कारण मुंबईतल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी हाताची तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले. आई किंवा बहिणीला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीची वाट न बघता डॉक्टरांना विचारा, मॅमोग्राफी कधीपासून ते ठरवतील. मधल्या काळात अंघोळीच्या वेळी नेहमीपेक्षा वेगळं काही हाताला लागलं, बोंड आत ओढलं गेलं, रक्तासारखं पाणी आलं, तर तारखेची वाट बघायची नाही. न दुखणारी गाठ जास्त लवकर दाखवायची. “दुखत न्हाय म्हणून राहिले” हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

पोरंबाळं आणि गरोदर बाई

लहानांचं वेळापत्रक सरकारनं बांधूनच दिलेलं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, पुढं ३, ६, ९, १२, १५ व्या महिन्याला. लसी जन्मल्यावर, ६, १०, १४ आठवड्यांना, ९ महिन्यांना, दीड वर्षाच्या आसपास, ५-६ वर्षांना, मग १० आणि १६ व्या वर्षी. शेवटच्या दोन लोक विसरतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. त्यांनी “डोळे दाखवा”, “हृदयाचं दाखवा” असं लिहून दिलं तर ती चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका. मागच्या बाकावरचा “अभ्यासात ढ” पोरगा चष्मा लावल्यावर पहिल्या पाचात आलेला मी आणि यजमानांनी दोघांनी पाहिलाय.

पाळी सुरू झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा बघा, शाळेतली निळी गोळी दर आठवड्याला घेऊ द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांतल्या ५७ जणींना रक्तक्षय निघाला होता. १२ च्या खाली म्हणजे कमी, गरोदर असेल तर ११ च्या खाली. १८ ते २९ मधे निरोगी माणसानं दोन-तीन वर्षांतून एकदा बीपी, वजन आणि घेर बघितला तरी पुरे. नोकरी लागताना, लग्न ठरताना एकदा शुगर आणि हिमोग्लोबिन करून वहीत टाका.

गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, किमान चार तपासण्या, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात खास तपासणी असते ती घ्या. ते सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. गरोदरपणात शुगर वाढलेली असेल आणि बाळंतपणानंतर उतरली असेल, तर ती गेली असं धरू नका. सहा आठवड्यांनी परत बघायची आणि मग दरवर्षी, वय कितीही असो. बाळंतपणात बीपी वाढलं होतं त्यांनीही तसंच. बाळाच्या लसीची तारीख आईच्या लक्षात असते, स्वतःच्या शुगरची नसते. म्हणून मी बाळाच्या लसीच्या कार्डावरच मागं आईची तारीख लिहून द्यायचे.

चाळिशी, साठी

चाळिशीला डोळे. जवळचं दिसेना म्हणून बाजारातून चष्मा आणू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, कारण तिथं डोळ्यातला दाब आणि पडदाही बघतात. काचबिंदू गुपचूप नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांनी एकदा पुरे. मधुमेह असेल तर पडदा दरवर्षी, लघवीतली प्रथिनं आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन दरवर्षी, पायाची तपासणी दरवर्षी, आणि एचबीएवनसी तीन ते सहा महिन्यांनी.

साठीनंतर बीपी-शुगर चालूच ठेवायची, पण माझ्या मते खरी तपासणी तिथं बदलते. त्या वयात माणूस पडला, खुब्याचं हाड मोडलं, की घराचं सगळं गणित फिरतं. म्हणून सासूबाईंची तपासणी मी घरात अशी करायची. खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायचं-बसायचं, १४ सेकंदांत व्हायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली साधी चाचणी आहे ती. शेजारी मात्र कुणीतरी उभं राहा. तीन शब्द सांगायचे, फूल, दार, तांदूळ, आणि थोडं दुसरं बोलून परत विचारायचे. मागच्या तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन न सांगता उतरलंय का ते बघायचं. नऊवारीचा कासोटा सैल होतोय हे सगळ्यात आधी सुनेला कळतं. पाठीमागून हाक मारून कान बघायचे. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजायचं, कारण काही म्हाताऱ्या माणसांचं उठल्यावर खाली येतं आणि तीच पहाटे मोरीत पडतात. घेतात त्या सगळ्या गोळ्या एका ताटलीत काढून डॉक्टरांपुढं ठेवायच्या. एकच गोळी दोन नावांनी चालू असलेली मी तीन घरांत पकडली.

पॅकेजबद्दल

आता जिथं तिथं पाटी असते, ७० तपासण्या, ८० तपासण्या, इतक्याच पैशांत. मागच्या वर्षी माझ्या भाच्यानं शहरातल्या एका लॅबमधून असं पॅकेज घेतलं. १४ पानांचा रिपोर्ट आला, चार आकडे लाल. समजावून कुणीच सांगितलं नाही. पोरगा ३१ वर्षांचा, पंधरा दिवस झोपला नाही. चारही आकडे किरकोळ, दुसऱ्यांदा केल्यावर तीन जागेवर आले. आणि एवढ्या ७० मधे बीपी कुणी मोजलं नव्हतं! मी मोजलं तर १४६ आणि ९४, तीन वेगवेगळ्या दिवशी.

सर्वसाधारण तपासण्यांचे १७ अभ्यास, अडीच लाख माणसांचे, एकत्र करून पाहिले गेले आहेत. सरसकट सगळ्या तपासण्या करण्यानं मृत्यू कमी झालेले त्यात दिसले नाहीत. याचा अर्थ तपासू नका असा मी घेत नाही. वय बघून, धोका बघून, मोजक्या तपासण्या करा आणि निघालं त्यावर उपचार घ्या, असा घेते. काही त्रास नसताना ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या खुणा शोधणारी रक्ततपासणी), सगळ्या अंगाचं सीटी स्कॅन, ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी यांवर पैसे घालवू नका. पुरुषांची प्रोस्टेटची पीएसए तपासणी ५५ ते ६९ मधे डॉक्टरांशी बोलून ठरवायची असते, पॅकेजात आली म्हणून करायची नसते. त्या पैशांत घरात दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र येतं. मनगटाचं घेऊ नका.

वही अशी आखा

माणशी दोन पानं. वरती नाव, जन्मसाल, आई-वडिलांना काय होतं, तंबाखू-मिश्री आहे का. खाली रकाने: तारीख, बीपी, उपाशी शुगर, वजन, घेर, आणि शेवटचा रुंद रकाना “पुढं काय”. तो कधी रिकामा सोडायचा नाही. “सप्टेंबरात परत मोजणे”, “डोळे, दिवाळीआधी”, “सिस्टरला विचारणे” असं काहीतरी असायलाच हवं. बायकांच्या पानावर वेगळ्या ओळीत तोंड, स्तन, पिशवी यांची शेवटची तारीख आणि पुढचं साल. रिपोर्ट त्याच पिशवीत, जुने टाकायचे नाहीत. उपाशी शुगर ११८ पाहून लॅबवाला काही म्हणत नाही, पण मागच्या तीन वर्षांत ९२, ९९, १०८ होतं हे डॉक्टरांना दिसलं की ते वेगळं बोलतात.

यंदाच्या बेंदरानंतर आमच्या घरात सहा जणांचं झालं. यजमान १३४ आणि ८२, गोळीवर. मुलाचा घेर ९४, तो रात्री चालायला लागलाय. सूनबाई ३० ची झाली, तिच्या पानावर पहिल्यांदा पिशवीच्या तपासणीची तारीख पडली. आत जाताना तिनं माझा हात धरला होता, बाहेर आली आणि म्हणाली, “आई, एवढंच?” यजमानांनी तिच्या नावासमोर पुढचं साल लिहिलं, २०३०.